एकशे बारा बोल्ट आणि एक हँडल

दीनानाथ वाघोलेचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. गजर चारचा लावलेला असे, पण तो वाजायची वेळ कधी आली नाही. चिंचवडच्या कारखान्यात टूलरूममध्ये फिटर म्हणून तेहेतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी पहिल्या पाळीत. कारखान्याने निवृत्तीचं पत्र माणसाला दिलं, शरीराला द्यायचं राहून गेलं. आता वय सदुसष्ट, मुक्काम न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमध्ये, रोटोटुनाला मुलाच्या घरी. पण डोळा उघडायचा तो पहिल्या पाळीलाच.

चहा स्वतः करायचा, कप धुऊन पालथा घालायचा, बूट दाराबाहेर चढवायचे. चार वाजून दहा मिनिटांनी हेमी मागे उघडा हौदा असलेली आपली गाडी, यूट, घेऊन घरासमोर उभा. हेमी बस डेपोतला माओरी जोडीदार. अंगाने दाराएवढा, बोलायला मोजका.

"किआ ओरा, दीना."

"किआ ओरा, हेमी."

एवढ्यावर डेपोपर्यंतचा रस्ता संपायचा. त्या वेळी याहून जास्त बोलणारा माणूस दोघांनाही सोसला नसता.

काम होतं शहराच्या बस आतून साफ करण्याचं. दीनानाथची रीत ठरलेली: वरून खाली, मागून पुढे, फरशी शेवटी. च्युइंगगम खरवडायचा तर पातं आडवं धरून, सीटचं कापड न ओरखडता. पोहून आलेल्या पोरांची ओली टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, सापडायची, चिप्सचा चुरा सापडायचा, एकाच पायातली जँडल, म्हणजे रबरी चप्पल, सापडायची. एक पाय अनवाणी घेऊन ते पोर घरी कसं गेलं, हे कोडं त्याला कधी सुटलं नाही. बाकीचे अठरा मिनिटांत एक बस काढत. दीनानाथला पंचवीस लागत. सुपरवायझरने एकदा घड्याळाकडे बोट दाखवलं. दीनानाथने सीटखालून आपलं बोट फिरवलं आणि ते स्वच्छ बोट त्याला दाखवलं. पुन्हा घड्याळाचा विषय निघाला नाही.

मुलाला, मकरंदला, हे काम आवडलेलं नव्हतं. तो एका कंपनीत सॉफ्टवेअर करायचा, टाय न लावता चांगलं कमवायचा.

"बाबा, तुम्हाला गरज काय? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, बस स्वच्छ आहे."

साडेआठला काम संपायचं. सव्वानऊला दीनानाथ घरी. मग अंघोळ, पोहे, आणि पोह्यांनंतर गॅरेज. कारण गॅरेजमध्ये मकरंदची गाडी होती. होती म्हणजे सात वर्षं नुसती होतीच.

कपाट जसं खोक्यांतून येतं आणि घरी जोडायचं असतं, तशी ही गाडी खोक्यांतून आली होती. लांब नाकाची, बुटकी, दोन माणसांची, डोक्यावर छप्पर नसलेली. सांगाडा आणि फायबरची कवचं खोक्यांतली, इंजिन अपघातात गेलेल्या एका जपानी गाडीतलं. पहिली तीन वर्षं मकरंदने दर शनिवार-रविवार तिच्यात घातले. मग लग्न झालं, घर झालं आणि गाडी जिथे पोहोचली होती तिथेच थांबली. तेव्हापासून कोणी विचारलं की तो म्हणायचा, "नाइन्टी पर्सेंट डन."

चार वर्षं ती नव्वद टक्केच होती. मकरंदच्या बायकोने, गार्गीने, तिच्या नाकावर धुतलेले टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली होती.

दीनानाथने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा हात लावला नाही. स्टूल घेतलं आणि तासभर नुसता बघत बसला. हॉर्नच्या जागी घराच्या बेलचं बटण होतं. आरसा प्लास्टिकच्या पट्टीने करकचून बांधलेला. डॅशबोर्डखाली तारा अशा लोंबत होत्या की कोणी शेवया वाळत घातल्यात असं वाटावं. तळाला पाणी जायला एक भोक नाही. छप्पर नसलेली गाडी, पाऊस इथला, वायकाटोचा, म्हणजे दुसऱ्या सरीला तिचा टब होणार.

"नव्वद टक्के कोणाचे?" त्याने विचारलं.

"म्हणजे मेजर सगळं झालंय, बाबा. आता फक्त फिनिशिंग."

"फक्त?" दीनानाथ म्हणाला. तेहेतीस वर्षांत 'फक्त फिनिशिंग' हे शब्द त्याने ज्याच्या ज्याच्या तोंडून ऐकले, त्याच्या हाताला कधी काळं लागलेलं पाहिलं नव्हतं.

मग त्याचं लक्ष बाजूंकडे गेलं. दोन्हीकडे चढायला मोकळी खाच होती आणि खाचेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, निळी नायलॉनची दोरी. एका टोकाला आकडा.

"दारं कुठायत?"

"दारं एक्स्ट्रा होती, बाबा. ऑप्शनल. कायद्याने लागत नाहीत."

दीनानाथ स्टुलावर पुन्हा बसला. त्याने आयुष्यभर कारखान्यात काय केलं, तर मोटारींची दारं ज्यात दाबून निघतात ते साचे. त्याने घासलेल्या साच्यांतून लोकांच्या मोटारींची लाखो दारं निघाली. घरी मात्र एक स्कूटर. तिच्या मागच्या सीटवर बायको, दमयंती, एका बाजूला पाय सोडून, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याचा खांदा धरून. पगाराच्या दिवशी ती हमखास म्हणायची, "लोकांची दारं करता. आपल्याला एक हँडल तरी आणा."

आणि आता घरी हाताने जोडायची मोटार मिळाली, तर ती बिनदाराची.

रात्रीच्या जेवणाला दीनानाथने जाहीर केलं, "चौदा मार्चला लग्नाला चाळीस वर्षं होतात. त्या दिवशी मी हिला या गाडीतून रॅग्लनला नेणार. समुद्रावर."

मकरंदचा घास हातात राहिला. गार्गी म्हणाली, "वॉव, बाबा!"

दमयंतीने आमटी वाढता वाढता विचारलं, "त्या दोरीच्या गाडीतून?"

"हो."

"दोरी लावून न्यायला मी काय गाय आहे?"

"अगं, गाडी अशीच असते ती. स्पोर्टी."

"स्पोर्टी असो नाहीतर आणखी काही. माझे गुडघे स्पोर्टी नाहीत. दार असेल तर बसेन. दार उघडून बसेन आणि बसल्यावर दार लावून घेईन. टांग टाकून चढणार नाही. सांगून ठेवते."

"आई, तुमचे केस उडतील हं पण," गार्गी म्हणाली.

"केस उडू देत. मी उडायला नको."

हे झालं सप्टेंबरात. हातात सहा महिने होते. दीनानाथने वही काढली आणि गाडीभोवती फिरून राहिलेली कामं लिहिली. एकसष्ट निघाली. मकरंदने वही वाचली आणि म्हणाला, "यातली निम्मी कोणाला दिसणारसुद्धा नाहीत."

"म्हणूनच राहिलीत."

कामं सुरू झाली. तळाला चार कोपऱ्यांत चार भोकं पाडली आणि त्यांना रबरी बुचं दिली, पाऊस पडला की काढायची. तारा जिथे पत्र्यातून जात तिथे पत्र्याची धार त्यांना कापू नये म्हणून रबराची कडी बसवली. फायबरच्या कडा बोट कापतील अशा होत्या, त्यांवर रबरी पट्टी चढवली. हीटरची गरम हवा पायांवरच यायची. तिला एक फाटा काढून काचेकडे नेला, कारण इथल्या सकाळी काचेवर वाफ धरते आणि वाफेतून फक्त आशावादी माणूस गाडी चालवतो. चाकं खडे उडवतात ते मागच्या कवचावर बसून रंग जाऊ नये म्हणून तिथे जाड रबराची चादर चिकटवली. हॉर्नला हॉर्नचं बटण आलं. बेलचं बटण त्याने पुसून मकरंदच्या टेबलावर ठेवलं. "घराला लाव. तिथेही नाहीये."

दार केलं ते फक्त डाव्या बाजूचं, दमयंतीच्या. दोन दारांना वेळ पुरला नसता आणि एक नीट होत असताना दोन अर्धवट करणं त्याच्या रक्तात नव्हतं. भंगारवाल्याकडून एका छोट्या मोटारीच्या बिजागऱ्या आणि कुलपी कडी आणली, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणला, लाकडी ठोकळ्यावर ठोकून वळवला. अकरा दिवस लागले. दार लागल्यावर फट सगळीकडे सारखी, चार मिलिमीटर.

"आणि तुम्ही उजवीकडून कसे बसणार?" दमयंतीने विचारलं.

"मी बैल आहे. मला दोरी चालते."

दाराला बाहेरून हँडल मात्र नव्हतं. ती कल्पना मकरंदची. "क्लीन लुक, बाबा. वरून आत हात घालायचा, आतली कडी ओढायची. हॉट रॉडवाले असंच करतात." दीनानाथने मान डोलावली, कारण पगारातून मागे टाकलेले पैसे त्याला दुसऱ्या गोष्टीसाठी हवे होते. फ्रँक्टनमध्ये जुन्या गाड्यांच्या सामानाचं एक दुकान होतं. तिथे भिंतीवर एक स्टिअरिंगचं चाक टांगलेलं होतं. लाकडी कड्याचं, तीन चकचकीत दांड्यांचं. लाकडाचे तुकडे जोडले होते तिथे नखही अडकत नव्हतं. दीनानाथने ते तीनदा तपासलं होतं. दर गुरुवारी पगार झाला की तो तिथे जायचा, चाकावरून हात फिरवायचा आणि परत यायचा. दुकानदार आता न विचारताच ते भिंतीवरून काढून द्यायचा.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एकसष्टावं काम झालं. पण दीनानाथ समाधानी नव्हता. गाडीला एकशे बारा बोल्ट होते आणि प्रत्येक बोल्टचं टोक नटाबाहेर डोकावत होतं. कुठे चार मिलिमीटर, कुठे सात.

टूलरूममध्ये हे पाप होतं. साच्याचे दोन भाग एकमेकांवर बसतात, मध्ये काही डोकावलं की लाखो रुपयांचा साचा बाद. तिथले फोरमन इनामदारसाहेब झालेल्या कामावरून चष्मा काढून नुसता तळवा फिरवायचे. तळव्याला काही लागलं तर काम परत, रक्त आलं तर माणूसही परत. दीनानाथचं काम तेहेतीस वर्षांत दोनदाच परत आलं होतं आणि दोन्ही तारखा त्याच्या लक्षात होत्या.

तेव्हा त्याने हॅकसॉ घेतला, कानस घेतली आणि एकशे बाराच्या एकशे बारा बोल्टांची टोकं नटाच्या पातळीला आणली. वर बारीक पॉलिश पेपर. नऊ दिवस. शेवटी डोळे मिटून गाडीच्या पोटाखालून तळवा फिरवला. लोणी. इनामदारसाहेब असते तर काही बोलले नसते, म्हणजे खूश झाले असते.

घरी जोडलेली गाडी न्यूझीलंडमध्ये अशीच रस्त्यावर काढता येत नाही. आधी एक तपासनीस तिची हाडं मोजतो, मग कागद, मग नंबरप्लेट. हा तपासनीस रॉस नावाचा. हाफ पँट, गुडघ्यापर्यंत मोजे, हातात काठीला लावलेला छोटा आरसा आणि टॉर्च. हेमीने आपल्या ट्रेलरवरून गाडी त्याच्या शेडमध्ये पोहोचवली. मकरंदने रजा घेतली होती.

रॉसने दीड तास घेतला. घाई केली नाही, हे दीनानाथला आवडलं. तारा पाहिल्या, "नीट." तळाची बुचं पाहिली, "हुशारी आहे." डावं दार पाच वेळा उघडलं, लावलं.

"दार नसलं तरी मी गाडी पास करतो," रॉस म्हणाला. "पण दार असलं तर ते नीट लागलंच पाहिजे. हे लागतं. कोणी केलं?"

"मी," दीनानाथ म्हणाला.

मग रॉस आरसा घेऊन गाडीखाली शिरला. बराच वेळ बाहेर आला नाही. फक्त मोजे दिसत होते. मोजे हलेनात.

"हे बोल्ट कोणी कापले?" आतून आवाज आला.

"मी," दीनानाथ छाती पुढे काढून म्हणाला. "ऑल. हंड्रेड ट्वेल्व्ह."

रॉस बाहेर आला. अंग झाडत उभा राहिला. "तीस वर्षं हे काम करतोय. इतकं सुंदर काम पाहिलं नाही."

"थँक्यू."

"सगळे काढावे लागतील."

दीनानाथला वाटलं आपल्याला इंग्रजी नीट कळलं नाही. त्याने मकरंदकडे पाहिलं. मकरंद जमिनीकडे बघत होता, म्हणजे बरोबर कळलं होतं.

रॉसने एक सुटा नट तळहातावर घेतला आणि आतलं प्लास्टिकचं कडं दाखवलं. "नट सैल होऊ नये म्हणून हे कडं बोल्टला आवळतं. ते असतं सगळ्यात वरच्या टोकाला. बोल्ट त्याच्या पार गेलाय की नाही, हे मला दिसायला हवं. म्हणून आटे नटाबाहेर दिसले पाहिजेत. तू ते घासून टाकलेस. आता मला काय दिसतं? आरसा."

"हात फिरव," दीनानाथ म्हणाला. "हात फिरवून बघ."

रॉसने खरंच हात फिरवला. "रेशीम," तो म्हणाला. "नापास."

परतताना हेमीच्या यूटमध्ये तिघं पुढे बसले होते. हॅमिल्टन आलं. शेवटी हेमी म्हणाला, "सुंदर होते, भाऊ." महिन्याभरातलं त्याचं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

घरी मकरंदने समजूत काढायला घेतली. "बाबा, एप्रिलमध्ये करू निवांत. चौदा मार्चला आपण माझ्या रोजच्या गाडीतून जाऊ रॅग्लनला. एसी आहे, चार दारं आहेत."

 दीनानाथने वही काढली आणि एकसष्टच्या खाली बासष्ट आकडा घातला. लिहिलं: 'बोल्ट. सगळे.' मग वही मिटून बसून राहिला. चूक आळसाने झाली असती तर त्याला एवढं लागलं नसतं. ही चूक नऊ दिवस मेहनत करून केलेली होती.

रॉसची पुढची तारीख दहा दिवसांनी होती. कागद आणि नंबरप्लेटला त्यानंतर दोन आठवडे. ती तारीख चुकली की चौदा मार्च चुकला. दुसऱ्या दिवशी दीनानाथने डेपोतून परतताना चांगल्या प्रतीचे एकशे बारा बोल्ट आणि तेवढेच नवे नट आणले. स्टिअरिंगच्या चाकासाठी साठवलेले अर्ध्याहून जास्त पैसे त्यात गेले. त्या गुरुवारी तो फ्रँक्टनला गेला नाही.

आता अडचण अशी की हे काम एकट्याचं नव्हतं. बाहेरून नट फिरवायचा तर आतून कोणीतरी बोल्टचं डोकं पान्याने धरायला हवं. मकरंद ऑफिसात, गार्गी ऑफिसात. पहिले चार बोल्ट दीनानाथने एक हात आत आणि एक बाहेर घालून काढले आणि त्याच्या पाठीतून असा आवाज आला की स्वयंपाकघरातून दमयंती बाहेर आली.

"काय मोडलं?"

"काही नाही."

"सरका. कुठे धरायचंय?"

"तुला नाही जमायचं."

"चाळीस वर्षं तुम्हाला धरून ठेवलंय. बोल्ट काय अवघड आहे?"

तिने स्वयंपाकघरातला पाट आणला. गाडीत सीटऐवजी तो ठेवला, कारण सीट काढलेली होती. मग दाराशी येऊन उभी राहिली. वरून हात घालून आतली कडी ओढायची तर तिला तेवढं वाकवेना. दीनानाथला उठून, वळसा घालून, दार उघडून धरावं लागलं.

"बघा," ती आत बसत म्हणाली, "चाळीस वर्षांनी नवऱ्याने बायकोसाठी मोटारीचं दार उघडून धरलं. का? तर दाराला हँडल नाही म्हणून."

"बसलीस म्हणजे शेवटी. म्हणत होतीस बसणार नाही."

"हे बसणं नव्हे. ही ड्युटी आहे."

रोज दहा ते दोन. मध्ये एक चहा. पहिल्या दिवशी अकरा बोल्ट झाले आणि सहा भांडणं.

"घट्ट धर."

"धरलंय."

"फिरतंय ते."

"तुम्ही उलटं फिरवताय."

"मी तेहेतीस वर्षं..."

"माहितीये. तरी उलटंच फिरवताय."

तो खरंच उलटं फिरवत होता. हे त्याने मान्य केलं नाही, फक्त पाना फिरवायची दिशा बदलली.

तिसऱ्या दिवसापासून ती आत बसल्या बसल्या गाडीवर शेरे मारू लागली. "इथे धरायला काही नाही, वळणावर मी काय धरू, तुमची कॉलर?" दीनानाथने डॅशबोर्डला एक मूठ बसवली. "हा पट्टा मानेला कापतोय." पट्ट्याची वरची जागा रॉसला फोनवर विचारून दोन इंच खाली घेतली. "पर्स कुठे ठेवायची?" पायाशी जाळीचा खिसा आला. एकसष्ट कामांच्या यादीत यातलं एकही नव्हतं. कारण यादी करताना दीनानाथ गाडीभोवती फिरला होता, डाव्या बाजूला बसला नव्हता. हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने ते वहीत लिहिलं नाही, पण रॉसच्या रेशमापेक्षा ते जास्त टोचलं.

आणि रोज सकाळी तिच्यासाठी उठून दार उघडायला जावं लागायचं. ती दाराशी उभी राहून वाट बघायची, हात पदराला पुसत. एकदा तिचा हात सवयीने दाराच्या बाहेरच्या बाजूला गेला, एका ठरावीक जागी, जिथे प्रत्येक मोटारीला हँडल असतं. तिथे गुळगुळीत पत्रा लागला.  त्या दिवशी तिने हँडलचा टोमणासुद्धा मारला नाही. दीनानाथने खिशातून पेन्सिल काढली आणि ती आत बसल्यावर तिचा हात लागला होता तिथे बारीक फुली केली.

नवव्या दिवशी एकशे बारावा बोल्ट बसला. दमयंती पाट घेऊन गाडीतून उतरली आणि म्हणाली, "माझी ड्युटी संपली. ओव्हरटाइमचं बघा." तो गुरुवार होता. दुपारी दीनानाथ फ्रँक्टनला गेला. दुकानदाराने त्याला पाहताच भिंतीवरून चाक काढून काउंटरवर ठेवलं. दीनानाथने त्याच्यावरून हात फिरवला. जोडाला नख लावून पाहिलं, अजूनही अडकलं नाही. मग त्याने काउंटरच्या काचेखाली बोट दाखवलं. घरी आला तेव्हा हातात कागदात गुंडाळलेली एक लहानशी वस्तू होती. स्टिअरिंगचं चाक काही एवढं लहान नसतं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये रॉस आरसा घेऊन गाडीखाली शिरला. मोजे स्थिर. मग आतून हसण्याचा आवाज आला. तो बाहेर आला, टेबलावरून बारीक माप घ्यायचा व्हर्निअर घेतला आणि पुन्हा आत गेला.

"तीन," आतून आवाज. "तीन. तीन. तीन. हे सगळे बरोबर तीन मिलिमीटर बाहेर आहेत!"

"येस," दीनानाथ म्हणाला.

"दुकानात बोल्ट पाच-पाच मिलिमीटरच्या फरकाने मिळतात. सगळे सारखे कसे आले?"

दीनानाथने खिशातून कानस काढून दाखवली. बोल्ट बसवण्याआधी त्याने प्रत्येक बोल्ट मापाला घासला होता. नियम पाळायचा तर नीट पाळायचा. दुसऱ्या खिशातून त्याने रबरी टोप्यांची पुडी काढली. "हे गुडघ्याजवळचे आठ. तू आधी बघ. मग मी टोप्या घालतो. मिसेसचे गुडघे आहेत."

रॉस ते आठ बोल्ट बघून आला. मग डाव्या दाराकडे गेला, तिथली नवी वस्तू तपासली, पाच वेळा दार उघडलं, लावलं. "हे मागच्या वेळी नव्हतं."

"नो."

"स्वीट अ‍ॅज," रॉस म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत झकास, आणि फॉर्मवर सही केली.

गाडी कागदपत्रं होईपर्यंत रॉसच्या शेडमध्येच राहिली. चौदा मार्चच्या सकाळी मकरंद आणि हेमी ती घेऊन आले. हेमी यूटमधून मागे, मकरंद पुढे, छप्पर नसल्यामुळे केस उभे आणि हसू कानापर्यंत. "बाबा, हंड्रेड पर्सेंट!" तो ओरडला.

"पेट्रोल किती आहे?" दीनानाथने विचारलं.

दमयंती तयार होऊन आली. हिरवी साडी, वरून गार्गीचं फुगीर जॅकेट, डोक्याला रुमाल घट्ट. हातात वडी आणि पुऱ्यांचा डबा, कारण समुद्रावर जे मिळतं त्यावर तिचा विश्वास नव्हता. दीनानाथ आधीच उजव्या बाजूने दोरीचा आकडा काढून, आत बसून, आकडा परत अडकवून समोर बघत होता. हातात साधं, काळं, प्लास्टिकचं स्टिअरिंग.

ती डाव्या दाराशी येऊन उभी राहिली. तो उठेना.

"अहो, उघडताय ना?"

"मी बसलोय. पट्टा लावलाय."

"मग मी काय..." ती बोलता बोलता थांबली. दारावर, पेन्सिलची फुली होती त्याच जागी, एक हँडल होतं. जुन्या पद्धतीचं, चांदीसारखं चकचकीत, मूठभर लांब. त्याचे दोन बोल्ट आतल्या बाजूला नटाबाहेर तीन-तीन मिलिमीटर.

दमयंतीने हात पुढे केला. हात बरोबर हँडलवर पडला. तिने दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. आवाज असा की पत्र्याचा नाही, जड लाकडी पेटीच्या झाकणाचा वाटावा. दीनानाथ समोर बघत होता, पण कान डावीकडे होते. मकरंद काहीतरी बोलणार होता, गार्गीने त्याचा दंड दाबला.

तिसऱ्यांदा उघडून दमयंती आत बसली, दार लावलं, डबा जाळीच्या खिशात ठेवला, मूठ धरली.

"तेहेतीस वर्षं मागत होते," ती म्हणाली. "आणलंत ते एकच?"

"दुसऱ्या बाजूला बैल बसतो."

"चला आता. पुऱ्या गार होतील."

गाडी निघाली. कोपऱ्यावरच्या डेअरीच्या मालकाने दुकानाबाहेर येऊन हात केला आणि दीनानाथने हॉर्न वाजवला. हॉर्नसारखा वाजला. पहाटे पावणेचारला उठून सहा महिन्यांत हजारभर बस त्याने पुसल्या होत्या, वरून खाली, मागून पुढे, फरशी शेवटी. लाकडी चाक अजून फ्रँक्टनच्या भिंतीवर होतं. त्या सगळ्या मजुरीतून शेवटी आले ते एकशे बारा बोल्ट, तेवढेच नट आणि एक हँडल, डाव्या बाजूचं.